वरून वाळलेली जमीन: लॅमिनेट टाकण्याआधी काँक्रीटची ओल कशी ओळखावी

सांडगे घालणाऱ्या घरातल्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं. चैत्राच्या उन्हात दोन दिवस ठेवलेला सांडगा वरून खडखडीत लागतो, बोटाने दाबला तर दबत नाही, पण फोडून पाहिला की आतला गाभा अजून मऊ असतो. असा सांडगा घाईने डब्यात भरला तर आठवड्याने झाकण उघडताच वास येतो. आतली ओल हळूहळू बाहेर सरकलेली असते आणि कडक झालेला वरचा थरही पुन्हा मऊ पडलेला असतो.

काँक्रीटची जमीन अगदी अशीच वागते आणि लॅमिनेटचं फ्लोअरिंग हे त्या डब्याचं झाकण आहे. घरांच्या आतल्या कामांवर देखरेख करताना मी फुगलेली, कडा उचललेली, पावलाखाली कुरकुरणारी लॅमिनेटं बरीच पाहिली. त्यांतल्या बहुतेक घरांत फळ्या चांगल्या होत्या आणि बसवणारा कारागीरही हुशार होता. जमीन वरून वाळली होती, ती आतूनही वाळली असेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. म्हणून या लेखात फळ्यांबद्दल थोडं आणि जमिनीबद्दल जास्त लिहिते आहे.

पाणी येतं कुठून?

पहिलं पाणी आपणच घातलेलं असतं. तळमजल्यावरची १० बाय १० फुटांची खोली धरा, खाली चार इंच जाडीचं काँक्रीट. त्याला साधारण सहा गोणी सिमेंट लागतं. गोणी ५० किलोची, म्हणजे ३०० किलो. पाणी सिमेंटच्या निम्म्या वजनाचं धरलं तर १५० लिटर. सिमेंटशी रासायनिक क्रिया होऊन जे पाणी कायमचं बांधलं जातं ते सिमेंटच्या वजनाच्या जेमतेम पाव भाग, म्हणजे ७५ लिटर. ते दगडाचा भाग झालं, पुन्हा बाहेर येणार नाही. उरलेल्या ७५ लिटरांतलं काही अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं. पण बाकीचं मोकळं असतं, आणि जमिनीवर टाकलेल्या थरातून त्याला जायला वाट एकच: वरून. हा हिशेबही प्रमाण पाळलं तरचा. माल फावड्याला जड लागला की साइटवर हमखास एखादी बादली जास्त ओतली जाते, कारण पातळ माल पसरायला सोपा.

त्यावर पुन्हा आपण पाणी मारतो, आणि ते मारायलाच हवं. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲशसारखे घटक मिसळलेल्या सिमेंटवर किमान १० दिवस पाणी मारायचं. हवा कोरडी आणि तापलेली असेल तर हेच अनुक्रमे १० आणि १४ दिवस. इथेच एक मोठा गोंधळ होतो. पाणी मारण्याचे दिवस म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याचे दिवस. वाळण्याचं घड्याळ सुरू होतं ते पाणी मारणं थांबल्यावर. पण साइटवर दोन्ही एकत्र मोजले जातात. "ताई, अठ्ठावीस दिवस झाले, एकदम पक्कं झालंय," असं मिस्त्री सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. २८ दिवसांचा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा आहे. तेवढ्या दिवसांत ते भार पेलायला तयार होतं. कोरडं होण्याशी त्या आकड्याचा काहीही संबंध नाही.

वाळायला मग किती दिवस? अमेरिकेत फ्लोअरिंगवाल्यांचा ठोकताळा इंचाला एक महिना असा आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या ५० मिलिमीटर जाडीला मिलिमीटरमागे एक दिवस धरतात आणि त्यापुढच्या जाडीला त्याहून सावकाश. कुठल्याही बाजूने गेलात तरी आपल्या चार इंचांना चार-पाच महिने येतात, आणि तेही हवा बऱ्यापैकी कोरडी असेल, खोलीत वारं खेळत असेल, मधे पुन्हा पाणी सांडलं नसेल तर. कोबा थापीने घोटून आरशासारखा गुळगुळीत केला असेल तर त्याची वरची छिद्रं बुजतात आणि ओल आणखी सावकाश बाहेर पडते. दिसायला सुंदर असलेला कोबा वाळायला हट्टी असतो.

नवीन बांधकामाचं हे पाणी निदान संपणारं असतं. जमिनीतून चढणारं पाणी संपत नाही. समईच्या वातीतून तेल जसं वर चढतं तसंच मातीतलं पाणी काँक्रीटच्या बारीक नळ्यांतून वर येतं. आपल्याकडच्या तळमजल्याच्या जमिनीत खाली मुरूम, त्यावर दगडी सोलिंग, मग काँक्रीट आणि वर फरशी असा क्रम असतो. भिंतींसाठी जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर दिलेला असतो, पण खोलीच्या जमिनीखाली प्लास्टिक अंथरण्याची पद्धत आपल्या साध्या घरांत फारशी नव्हती. शहाबादी फरशी होती तोवर काही बिघडलं नाही. फरशीच्या सांध्यांतून ओल वर यायची आणि उडून जायची, माठाचं पाणी पाझरून उडतं तशी. त्यावर झाकण बसवलं की ती वाट बंद होते. भिंतीच्या पायाशी पांढरी पावडर सुटत असेल, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो, तर खालून पाणी चढतं आहे हे सांगायला वेगळं यंत्र नको. पाणी येताना क्षार सोबत आणतं आणि स्वतः उडून जाताना ते तिथेच टाकून जातं. काळ्या मातीच्या पट्ट्यात आणि कोकणात जांभ्यावर बांधलेल्या घरांत हे मी आधी पाहते, बाकी सगळं नंतर.

"पण आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे." असं म्हणून सुटणाऱ्यांना बाथरूम गाठतं. फ्लॅटच्या बाथरूमचा स्लॅब बाकी खोल्यांपेक्षा आठ ते बारा इंच खाली घेतलेला असतो, त्याला संकन म्हणतात. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याचा, सांधा सैल झाला किंवा टाइल्समधलं सिमेंट झिजलं की आंघोळीचं पाणी त्या भरावात साचत राहतं. खालच्या मजल्यावर डाग पडला तर तक्रार येते आणि दुरुस्ती होते. पण बऱ्याचदा पाणी आधी आडवं सरकतं, शेजारच्या बेडरूमच्या फरशीखाली वाळू-सिमेंटचा जो दोन इंचांचा बेड असतो त्यात. फरशीवर याची खूणही दिसत नाही. वर्षानुवर्षं तो बेड ओला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. लॅमिनेट टाकलं की सहा महिन्यांत कळतं.

बाल्कनीच्या दाराचा उंबरा सपाट केलेला असणं, एसीचं पाणी नेणारा पाइप भिंतीत गळणं, स्वयंपाकघरातली वॉटर प्युरिफायरची बारीक नळी, हे बाकीचे चोर. यांना शोधायला डोळे आणि टॉर्च पुरतो.

लॅमिनेट सादळतं म्हणजे काय होतं?

दुकानात सगळे त्याला वुडन फ्लोअरिंग म्हणतात, पण त्यात फळीसारखी फळी नसते. सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक कडक थर, त्याखाली लाकडाच्या रेषांचं चित्र छापलेला कागद, मधे एचडीएफचा गाभा आणि तळाशी तोल सांभाळणारा आणखी एक कागदी थर. हे एचडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू राळेत मिसळून, उष्णता आणि प्रचंड दाब देऊन बनवलेला पत्रा. पोहे, पापड, बिस्किटं सादळतात त्याच कारणाने हा गाभा सादळतो: वनस्पतीचे तंतू हवेतली आणि खालची ओल ओढून घेतात.

पापड आणि एचडीएफ यांत एक फरक मात्र आहे. सादळलेला पापड भाजला की पुन्हा कुरकुरीत होतो. एचडीएफचे तंतू दाबून बसवलेले असतात. ओल मिळताच ते सुटतात, स्प्रिंगसारखे मोकळे होतात आणि नंतर जमीन कोरडी झाली तरी पूर्वीच्या जाडीला परत येत नाहीत. सांध्याची कड एकदा फुगली की तिच्यावर वजन ठेवून, पंखा लावून काही उपयोग होत नाही. ती फळी गेली.

ओल खालून येते तेव्हा फळीची खालची बाजू पसरते, वरची तशीच राहते आणि दोन्ही कडा वर उचलल्या जाऊन फळी पन्हाळीसारखी होते. फळ्या एकमेकींत अडकवणारा क्लिकचा सांधा त्या ताणाने उघडतो. त्यात धूळ बसते, पुसताना पाणी जातं आणि मग वरूनही सादळणं सुरू होतं. खाली अंधार, ओल आणि लाकडाचे तंतू एकत्र आले की बुरशी येते, आणि आपल्या हवेत तिच्या मागोमाग वाळवी.

दुकानातले दोन गैरसमज इथेच दूर करते. आठऐवजी बारा मिलिमीटर जाडीची फळी घेतली म्हणजे ती ओल जास्त सोसते असं नाही. पावलाखाली ती जास्त भरीव वाटते, एवढंच. खोक्यावरचे एसी ३, एसी ४, एसी ५ हे आकडे वरचा थर किती झिजेल याचे आहेत. आणि पाणी सोसणारं असं लिहिलेल्या लॅमिनेटमध्ये वरून सांडलेलं पाणी काही तास थोपवलं जातं. खालून येणाऱ्या वाफेबद्दल ते लेबल काही बोलत नाही.

तपासायचं कसं?

सगळ्यात सोपी चाचणी प्लास्टिकची. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने हवाबंद करायच्या. जमीन आधी नीट झाडून-पुसून कोरडी केली नाही तर टेप धुळीलाच चिकटते आणि चाचणी फुकट जाते. अमेरिकन मानकात किमान १६ तास सांगितले आहेत. मी दोन दिवस ठेवायला सांगते. खोलीच्या मध्यावर एक, बाथरूमच्या भिंतीलगत एक, बाहेरच्या भिंतीलगत एक, खिडकी किंवा बाल्कनीजवळ एक असे तुकडे लावा. जुन्या टाइल्सवर करत असाल तर तुकडा सांध्यावर येऊ द्या, कारण व्हिट्रिफाइड टाइल स्वतः ओल फारशी सोडत नाही, ती सांध्यातून येते.

प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट झाली तर उत्तर स्पष्ट आहे: थांबा. थेंब दिसले नाहीत तर मात्र उत्तर स्पष्ट नाही. दोन दिवसांत वर न आलेली ओल खोलवर असू शकते. ही चाचणी नापास करू शकते, पास करू शकत नाही. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ नुकसान वाचेल.

कारागिराकडे पुष्कळदा हातात धरायचा मीटर असतो. तो जमिनीला टेकवला की आकडा दाखवतो. लाकडासाठी बनवलेला मीटर काँक्रीटवर जो टक्का दाखवतो त्याला अर्थ नसतो, आणि काँक्रीटसाठीचा मीटरसुद्धा वरच्या थरातलंच सांगतो. खाली सळई असेल तर फसतोही. त्याचा खरा उपयोग तुलनेचा आहे. संपूर्ण खोलीत तो फिरवून कुठे आकडा अचानक चढतो ते पाहायचं आणि खरी तपासणी तिथे करायची.

युरोपात कार्बाइडची पद्धत रुळलेली आहे. काँक्रीटचा खोलवरचा तुकडा काढून कुटायचा, वजन करून पोलादी बाटलीत घालायचा, सोबत कॅल्शियम कार्बाइड. आंबे पिकवायला ज्याच्या वापरावर बंदी आहे तेच हे. ओलीशी गाठ पडताच त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि बाटलीवरचा काटा दाबावरून ओल किती ते सांगतो. सिमेंटच्या थराला साधारण २ टक्क्यांपर्यंत चालतं. अमेरिकेत जमिनीवर बंद घुमटाखाली कॅल्शियम क्लोराइड ठेवून ६० ते ७२ तासांत त्याचं वजन किती वाढलं ते पाहतात. तिथली नेहमीची मर्यादा आपल्या मापात सांगायची तर १०० चौरस फुटांतून दिवसाला साधारण १३५ ग्रॅम वाफ. पण यातही वरच्या थराचीच ओल मोजली जाते, म्हणून माझा या पद्धतीवर फारसा भर नाही.

माझा भर आहे तो जमिनीच्या आतली सापेक्ष आर्द्रता मोजण्यावर, म्हणजे हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिथे आहे ते पाहण्यावर. यात जमिनीला भोक पाडतात, तळाशी संवेदक ठेवून भोक बंद करतात आणि २४ तासांनी आकडा वाचतात. भोक किती खोल, हाच यातला कळीचा मुद्दा. एकाच बाजूने वाळणाऱ्या थराला जाडीच्या ४० टक्के खोल, म्हणजे आपल्या चार इंचांच्या थरात दीड इंचाच्या थोडं पुढे. दोन्ही बाजूंनी वाळणाऱ्या स्लॅबला २० टक्के. हे आकडे कुठून आले? सांडग्यापासूनच समजून घ्या. वर कोरडं, खाली ओलं अशी उतरंड असते. झाकण लावल्यावर ती ओल सगळ्या जाडीत सारखी पसरते. पसरून झाल्यावर जो आकडा सगळीकडे येणार असतो, तोच आकडा झाकण लावण्यापूर्वी साधारण ४० टक्के खोलीवर सापडतो. म्हणजे या चाचणीतून जमिनीची आजची अवस्था नव्हे, लॅमिनेट टाकल्यानंतरची अवस्था कळते. बहुतेक लॅमिनेट उत्पादकांच्या सूचनांत मर्यादा ७५ टक्के असते.

हे उपकरण सगळीकडे मिळत नाही, आणि एका खोलीसाठी कोणी ते आणून देत नाही. घरच्या घरी त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं. ब्रिटनमध्ये जमिनीवर हवाबंद पेटी चिकटवून आतली आर्द्रता मोजायची पद्धत आहे, तिचीच ही साधी आवृत्ती. काही शे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या. तो जमिनीवर ठेवून त्यावर काचेचा पसरट बाउल पालथा घाला आणि कड पुट्टी किंवा टेपने पक्की बंद करा. त्या जागेवर आधी आठवडाभर प्लास्टिक अंथरून ठेवलेलं असेल तर उत्तम, म्हणजे खालची ओल वर सरकायला वेळ मिळतो. तीन दिवस हात लावायचा नाही. मग काचेतूनच आकडा वाचायचा, आणि पुढचे दोन दिवस तो हलत नाही ना ते पाहायचं.

स्वस्त मापक खरं बोलतो का, हे तपासायला मिसळणाच्या डब्यातलं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला. ते आणि मापक एका हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. ओल्या मिठाच्या वरची हवा नेहमी ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. हा निसर्गाचाच नियम आहे आणि प्रयोगशाळाही तो वापरतात. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचा. जो आकडा आपल्याला जमिनीत तपासायचा आहे, नेमका तोच मीठ फुकट दाखवून देतं.

पाऊस, मीठ आणि गणपती

मिठाचा हाच गुण ऋतूही सांगतो. स्वच्छ मिठाला पाणी सुटतं ते हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर. खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते आधीच ओलावतं. पण पाकिटातल्या बारीक मिठाची बरणी ओलसर लागायला लागली की समजावं, या हवेत जमीन ७५ च्या खाली वाळणार नाही. हवाच तिला वाळू देणार नाही. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर असते. तेव्हा जूनमध्ये टाकलेल्या काँक्रीटला सप्टेंबरपर्यंत तीन महिने झाले, हा हिशेब धरू नका. त्या तीन महिन्यांत वाळणं जवळपास थांबलेलंच होतं.

आणि नेमकी याच दिवसांत घाई असते. गणपतीच्या आधी फ्लोअरिंग व्हायला हवं, पाहुणे येणार, आरतीला माणसं जमणार. ही घाई मला मनापासून समजते. तरीही नव्या किंवा शंकास्पद जमिनीवर श्रावण-भाद्रपदात लॅमिनेट टाकू नका असंच मी प्रत्येकाला सांगते. फेब्रुवारी ते मे हे खरे दिवस. अगदीच अडलं असेल तर खिडक्या बंद करून एसी किंवा डिह्युमिडिफायर काही आठवडे चालवावा लागतो. नुसता पंखा दमट हवाच फिरवतो. आणि पावसाळ्यात खिडक्या उघड्या टाकून जमीन वाळवू पाहणं म्हणजे पावसात कपडे वाळत घालणं.

विदर्भात अडचण उलट्या बाजूने येते. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की फळ्या आकसलेल्या अवस्थेत बसतात. जमीन छान वाळलेली, सांधे घट्ट, सगळं सुरेख. जुलैत त्या फळ्या नुसत्या हवेतली ओल पिऊन पसरतात. भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटरची फट सोडली नसेल तर मधोमध तंबू उभा राहतो. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, म्हणून कुणी तिच्यात सिमेंट किंवा सिलिकॉन भरत नाही ना, हे स्वतः उभं राहून पाहा. फळ्यांचे खोके न फोडता त्याच खोलीत आडवे ४८ तास ठेवायचे, म्हणजे त्या खोलीच्या हवेची त्यांना सवय होते.

खाली काय अंथरायचं?

लॅमिनेटखाली जो दोन-तीन मिलिमीटरचा फोम घालतात तो आवाजासाठी आणि बारीक उंचसखलपणासाठी. ओल अडवायला वेगळं प्लास्टिक लागतं: २०० मायक्रॉनचं पॉलिथिन. शेतात मल्चिंगला वापरतात तो कागद २५-३० मायक्रॉनचा असतो, त्यावरून जाडीचा अंदाज यावा. क्रम असा: जमीन, प्लास्टिक, फोम, फळी. दोन पट्ट्यांची कड एकमेकींवर किमान २० सेंटिमीटर यावी आणि सांधा टेपने सलग बंद व्हावा. भिंतीपाशी प्लास्टिक दोन इंच वर वळवून ठेवायचं, स्कर्टिंग बसल्यावर जास्तीचं कापायचं. जमिनीवर वाळूचा एक खडा राहिला तरी तो प्लास्टिकला भोक पाडतो. झाडण्याचं काम कुणाला दुय्यम वाटेल, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हे प्लास्टिक चाचणीत पास झालेल्या जमिनीवरही घालायचं, आणि जुन्या टाइल्सवरही. पोकळ वाजणाऱ्या टाइल्स आधी काढून भरून घ्यायच्या. सपाटीसाठी दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरहून जास्त फट नको. त्यासाठी लेव्हलिंगचा थर टाकला तर तोही पाणी घालून केलेला असतो, त्याला वाळायला पुन्हा वेळ द्यावा लागतो. हे अंदाजपत्रकात कुणी लिहीत नाही.

तळमजल्यावर ओल कायमची चढत असेल तर जमीन घासून दोन घटकांचा इपॉक्सी ओलरोधक थर देता येतो. चांगल्या इपॉक्सीने बरीच जास्त आर्द्रता अडते. पण खर्च बराच आहे आणि कारागीर जाणता हवा. टेरेसवर मारतात ते सिमेंट-पॉलिमरचं वॉटरप्रूफिंग हा त्याला पर्याय नाही. त्याने पाणी अडतं, वाफ पुष्कळशी सुटते. आणि गळती असेल तर प्लास्टिक, इपॉक्सी काहीच लावू नका. आधी गळती. अडवलेलं पाणी भिंतीकडे वळतं आणि वर्षभरात गिलावा फुगायला लागतो.

पुण्यातल्या कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतले काका-काकू माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या तळमजल्यावरच्या बेडरूमचं लॅमिनेट दसऱ्यालाच पन्हाळी झालं होतं. गणपतीच्या आठ दिवस आधी टाकलेलं. बसवणाऱ्याचं म्हणणं, तळमजला आहे, जमिनीची ओल आहे, काही करता येणार नाही. आम्ही सगळं उचललं आणि पाच ठिकाणी प्लास्टिक चिकटवलं. चार कोरडी, बाथरूमच्या भिंतीलगतच्या पाचव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब. जमिनीची ओल असती तर ती इतकी निवडून एकाच भिंतीला आली नसती. बाथरूमची जाळी बंद करून दोन इंच पाणी भरलं, टाइलवर पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. नहाणी ट्रॅप उखडला तेव्हा त्याच्याभोवतीचा विटांचा भराव हाताने पिळता येईल इतका ओला निघाला.

तो भराव काढून, नवा ट्रॅप आणि वॉटरप्रूफिंग करून नोव्हेंबर उजाडला. काकूंना दिवाळी उघड्या कोब्यावर काढावी लागली, त्यांनी त्यावर सतरंजी अंथरली. डिसेंबरच्या सुरुवातीला बाउलखालचा मापक ८८ दाखवत होता, जानेवारीत ८१, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ७२. मिठाने तपासलेला मापक, सलग तीन दिवस ७२. मग २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, फोम आणि त्यावर नव्या फळ्या घातल्या. बाथरूमच्या भिंतीलगत मात्र दीड फुटाचा पट्टा आम्ही टाइलचाच ठेवला. काकूंना तो आधी ठिगळासारखा वाटला होता. आता त्यावर त्यांचं कपड्यांचं कपाट उभं आहे.